काट्याचा दसरा

आदिलाबादला बसस्थानकामागे चंद्रभागाताईंचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांची आई नार्नूरकडे दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. ही तिची लेक हैदराबादहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन आली आणि इथेच राहिली. मी इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. त्याआधी हे लिहून ठेवायचं होतं, कारण माझ्या धाकट्या भावाची, नागनाथची, अब्रू या बाईंनी राखली.

१९९१ साली दसऱ्यानंतर कापूस खरेदी सुरू झाली आणि पहिल्याच सकाळी जिनिंगच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आकड्यांऐवजी नुसत्या रेघा दिसू लागल्या. फाटकाबाहेर कापसानं भरलेल्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग. काटा नागनाथच्या ताब्यात. मालक केशवराव सगळ्यांसमोर म्हणाले, "तूच आत हात घातला. कोणाकडून खाल्लं? खरं सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

"मी साफ केलं फक्त, मालक," नागनाथ तेवढंच बोलत राहिला.

मी सायकल काढून ताईंना बोलावून आणलं. त्यांनी काट्याचं डोकं, म्हणजे आकडे दाखवणारी पेटी, उघडून एक काळी चिप हळूच उपसली. तिच्या पाठीवर काचेची बारीक गोल खिडकी होती.

"नागनाथभाऊ, या काचेवर कागद होता. कुठं गेला?"

"मळका होता ताई. काढून टाकला."

"अन् हे डोकं कुठं होतं?"

"ओट्यावर, उनात. पावसाळ्यानं ओल धरली होती न. बायकोनं दसरा काढला, घर झाडलं, गोधड्या धुतल्या, वाळू घातल्या. म्हटलं, काट्याचाबी काढावा. आठ-दहा दिवस झाकण उघडंच होतं."

ताई हसत सुटल्या. "बरं झालं, धुतला नाई!"

मग त्या केशवरावांकडे वळल्या. "मालक, काट्यानं कसं चालावं ते या चिपमंदी लिहिलेलं असते. चिप कोरी येते, लिहिणं आपल्या हाती. आत बारीक कप्पे असतात. पाहिजे त्या कप्प्यात जास्त दाबानं वीज कोंडायची. चारी बाजूंनं बंद, म्हणून लाइट गेली तरी वर्षानुवर्षं राहते. काटा ते फक्त वाचते. पुसायचं असलं तर या काचेतून अतिनील उजेड द्या लागते, की कोंडलेली वीज निघून जाते. उनातबी तो उजेड असते, हळू काम करते एवढंच. म्हणून तर कागद."

"म्हणजे यानं चोरी नाही केली?"

"चोरानं पाच-दहा किलो इकडचे तिकडं केले असते. यानं तर पाटीच कोरी केली!"

रांगेतले गाडीवानही हसले. केशवराव नागनाथला म्हणाले, "जा, बस जाग्यावर."

ताईंनी अर्धवट पुसलेली चिप दुकानातल्या खास दिव्याखाली पूर्ण पुसली, आपल्याजवळ राखलेल्या मूळ मजकुराच्या नकलेवरून पुन्हा लिहिली, काचेवर चंदेरी पट्टी लावली. ठरलेली वजनं ठेवून काटा तपासला. दिवस मावळायच्या आत नागनाथनं पहिली बंडी काट्यावर घेतली.

दसऱ्याला ताईंकडे धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस असतो. त्या विहारातून परतल्या की आम्ही दोघे भाऊ आपट्याची पानं घेऊन दारात हजर. खिरीची वाटी हातात देताना त्या दरवर्षी विचारतात, "भाऊ, काट्याचा दसरा काढला काय?"

"काढला ताई," नागनाथ म्हणतो, "वरून-वरून."