पोळ्याला जुंपलेली मान

उकंडराव आमच्या गावात राग धरण्यासाठी प्रसिद्ध आहे. लोक म्हशी पाळतात, हा राग पाळतो. मेहुण्याच्या लग्नात पंगतीला बुंदी त्याच्या ताटात सगळ्यात शेवटी पडली, एवढ्यावरून तो मेहुण्याशी बोलायचा बंद झाला. इतकी वर्षं, की मेहुण्याची पोरगी लग्नाला आली. तिच्या लग्नात मेहुण्याने स्वतः पातेलं उचलून पहिली बुंदी उकंडरावला वाढली, तेव्हा कुठे गडी तोंड उघडून म्हणाला, "पाक कच्चा हाये."

मी त्याचा शेजारी. एसटीत ड्रायव्हर होतो, कारंजा-वाशीम रस्त्यावर उमेदीची वर्षं घालवली, आता घरी असतो. उकंडरावच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून हा जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचलला आणि नाव ठेवलं उकंड. शेती आठ एकर, विहिरीला पाणी, कुणाचं देणं नाही, कुणाची भीड नाही. मी लिहितोय ते त्याच्या गेल्या पोळ्याच्या रागाबद्दल. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कारखाना आजही चालू आहे. पुढे काही गोड होईल या आशेवर कुणी वाचू नये.

शेलूबाजारकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला, सोयाबीन तेलाचा कारखाना आहे. आधी तो इथल्याच लोकांचा होता. मग एका परदेशी कंपनीने घेतला. तुमचं सोयाबीन दारातून उचलू, वाशीमच्या मार्केटला जायची गरज नाही, असं कंपनीची माणसं गावागावात सांगत फिरली. आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर दिल्लीत त्या देशाशी व्यापाराचा करार झाला आणि तिकडच्या तेलावरचा कर उठला. पुढच्या हंगामात कारखान्याच्या फाटकावर आमच्या ट्रॉल्या उभ्या आणि आत टँकरची रांग. बाहेरचं कच्चं तेल इथे यायचं, साफ व्हायचं, डब्यात भरून जायचं. आमचं सोयाबीन पुन्हा वाशीमला, पडेल त्या भावात. तेल परक्याचं झालं, पण घाण मात्र आमच्या नाल्यात आली. पाणी काळं पडलं, वर चिकट तवंग, आणि वास असा की नाल्याकाठच्या वावरात भाकर खाववत नसे.

त्या नाल्यावर उकंडरावचा बैल पाणी प्यायला. बाशा त्याचं नाव. पोट फुगून दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातच मेला. त्याचा जोडीदार मोरक्या दोन दिवस वैरणीला तोंड लावेना. उकंडरावच्या बायकोने, तुळसाबाईने, त्याला हाताने घास भरवला. उकंडराव रडला नाही. बाशाला वावरात पुरलं, वर दगड ठेवला आणि म्हणाला, "याचा जाब घेतल्याबिगर दुसरा बैल आननार नाही मी."

मग गाव उठलं. ग्रामसभेचा ठराव झाला, वाशीमला मोर्चा गेला. शेवटी मंत्री आले. थेट उकंडरावच्या अंगणात बाजेवर बसले, तुळसाबाईच्या हातचा चहा प्यायले आणि सगळ्यांसमोर बोलले, "नाला स्वच्छ झाल्याशिवाय कारखान्याचं फाटक उघडणार नाही. हा माझा शब्द आहे." फाटकाला सील लागलं. आम्ही फटाके फोडले. उकंडरावने फोडले नाहीत, पण त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा शिट्टी वाजवताना ऐकलं.

पावसाळा लागायच्या आत सील निघालं. टँकर पुन्हा सुरू झाले, नाला पुन्हा काळा झाला. का निघालं, हे कुणी सांगेना. म्हणून आम्ही दोघं वाशीमला तौसीफ वकिलाकडे गेलो. तो माझ्या डेपोतल्या जुन्या मेकॅनिकचा मुलगा. त्याने सगळं शोधून ठेवलं होतं.

"काका, त्या करारात एक कलम हाये," तो म्हणाला. "सरकारच्या हुकुमानं कंपनीचा नफा बुडला, तर कंपनी सरकारवर दावा करू शकते. आपल्या कोर्टात नाही. परदेशात. तिघं पंच बसतात बंद खोलीत, ते ठरवतात. कंपनीनं नोटीस धाडली. पुढच्या वीस वर्षांचा नफा मांगून राह्यली."

"पुढच्या?" उकंडराव म्हणाला. "म्हंजे झालाच नाही अजून, त्या नफ्याचा?"

"हो."

"मंग माहा बाशा? थो बी अजून लय वर्सं वाहला असता. त्याचा दावा कोन्या खोलीत लावू मी?"

"तुमाले नाही लावता येत, काका. त्या खोलीत कंपनीच जाऊ शकते. मानसाले तठी दार नाही."

"अन् सरकार काय म्हनते?"

"सरकार भेलं. सील काढलं."

मी एसटीत तीस वर्षं काढली, साहेब लोकांचे नाना प्रकार पाहिले. पण सरकार घाबरतं हे मला माहीत नव्हतं. आमच्यासमोर तर ते कधी घाबरलं नाही. वीज तोडताना नाही, रस्त्यात आलेली झाडं पाडताना नाही. सरकारला घाबरवायला नुसती एक नोटीस पुरते, फक्त ती धाडणारा खिसा मोठा पाहिजे, हे कळलं तेव्हा माझं डोकं सणकलं. उकंडराव मात्र परतीच्या गाडीत एकदम शांत होता. त्याची शांतता मी ओळखतो. मेहुण्याच्या मांडवातही तो असाच बसला होता.

फाट्यावर उतरल्यावर तो म्हणाला, "मले पैसे नाही पाह्यजे. मले एकच गोष्ट पाहाची हाये. सरकार कंपनीले एक तरी हुकूम देऊ शकते का नाही, थे गावासमोर पाहाचं हाये. एक हुकूम. लहानसा का असेना."

संधी कंपनीनेच आणून दिली. नाल्यामुळे झालेली बदनामी धुवायची म्हणून यंदाचा आमच्या गावचा पोळा कंपनी साजरा करणार असं ठरलं. आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, मंडप, खुर्च्या, सजवलेल्या जोडीला बक्षीस, पाहुणे म्हणून तेच मंत्री आणि कंपनीचे मोठे साहेब. झेडपीच्या निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळे मंत्र्यांनी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. वर कुणीतरी मुंबईत बसून झडत्यांची स्पर्धाही ठेवली. त्या शहाण्याला वाटलं असेल, झडत्या म्हणजे काहीतरी गोड लोकगीत. पोळ्याच्या तोरणाखाली माईक हातात देऊन वऱ्हाडच्या शेतकऱ्याला म्हणायचं, बोला! वर्षभर ज्याच्यावर दात खाल्ले त्याला त्या दिवशी नाव घेऊन सोलायची आमच्याकडे रीतच आहे.

आमच्या गावात पोळ्याचा पहिला मान उकंडरावच्या घरचा. त्याची जोडी आंब्याच्या पानांच्या तोरणाखालून गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा बैल हलत नाही. यंदा जोडी नव्हती. लोक म्हणाले, गावातल्या शेषरावचा एक बैल घेऊन जोडी लाव. हा म्हणाला, "जोडी मी लावतो, तुमी फिकर करू नका."

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली. आखरावर बैल उभे राहिले, शिंगांना बेगड, पाठीवर झुली, डफड्यांचा कल्लोळ. मंत्री आणि साहेब मंडपात पहिल्या रांगेत बसले होते. तेवढ्यात उकंडराव आला. मोरक्या एकटाच, सजवलेला, त्याचा दोर तुळसाबाईच्या हातात. आणि उकंडरावच्या खांद्यावर जू.

डफडी थांबली. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्याला जू लावत नाहीत. जू त्या दिवशी घराबाहेरही निघत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावला. कुणीतरी ओरडलं, "उकंड्या, बह्याडला काय बे!"

त्याने जू तोरणाखाली ठेवलं आणि माईक हातात घेतला.

"करार झाला दिल्लीत, तेल आलं बोटीत,
काळं पानी नाल्यात, बाशा गेला मातीत,
सरकार बसलं मंडपात, मान कोनाच्या मुठीत?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

"हर हर महादेव!" सगळं आखर गरजलं. मंत्री हसले. राजकारणी माणूस, शिव्या पचवायची सवय. कंपनीच्या साहेबांना काही कळलं नाही, त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मग उकंडरावने खिशातून डबी काढली. त्यात हळद कालवलेलं लोणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलाच्या खांद्याला हेच चोळतो, वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले असतात म्हणून. तो मंडपात गेला आणि मंत्र्यांच्या पायाशी बसण्याऐवजी त्यांच्या मानेमागे उभा राहिला. पोलीस पुढे सरकले. मंत्र्यांनी हातानेच थांबवलं, कारण चहूबाजूंनी मोबाइल वर झालेले होते. पाहुण्याला लोणी लावायचा काही मान असेल असं त्यांना वाटलं. शहरातला माणूस. उकंडराव त्यांच्या मानेला लोणी चोळत म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाला म्हणतात तेच शब्द. गाव जे हसलं, जे हसलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सायेब," उकंडराव माईकवर म्हणाला, "माहा एक बैल तुमच्या नाल्यानं खाल्ला. माही जोडी नाही, म्हनून पोळा फुटत नाही. आज बैलाच्या खांद्याले जू चालत नाही, पन मानसाच्या चालते. तुमी एका बाजूनं या, हे कंपनीचे सायेब दुसऱ्या बाजूनं. दोन पावलं चाला, तोरनाखालून. झाला पोळा."

दिवस मावळायच्या आत पोळा फुटायला हवा. गाव कुजबुजू लागलं, मग ओरडू लागलं. मंत्र्यांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्यांकडे. उठले, बाह्या सरसावल्या आणि माईक ओढून म्हणाले, "काका, शेतकऱ्यांसाठी मी बैल व्हायलाही तयार आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ते तोरणाखाली आले, वाकले. उकंडरावने जू त्यांच्या खांद्यावर चढवलं, मानेच्या दोन्ही बाजूंना लाकडी शिवळा बसवल्या आणि गळ्याखालून जोतं घट्ट बांधलं. बैलाला बांधतो तसंच, मायेने नाही आणि रागानेही नाही. दुसरं टोक रिकामं, ते मातीत टेकलं. त्यामुळे मंत्री एका बाजूला कलून उभे राहिले. पांढऱ्या सदऱ्यावर लोण्याचे पिवळे डाग.

"आता दुसरे," उकंडराव म्हणाला.

साहेब खुर्चीतून हलले नाहीत. शेजारच्या बाईला इंग्रजीत काहीतरी म्हणाले. ती बाई माईकवर म्हणाली, सर अशा गोष्टीत भाग घेऊ शकत नाहीत, कंपनीचे नियम आहेत.

"सायेब," उकंडराव मंत्र्यांच्या कानाजवळ माईक धरून म्हणाला, "हुकूम द्या त्याले."

मंत्री हसत म्हणाले, "या ना साहेब, दोन पावलं तर आहेत."

साहेबांनी हात जोडले आणि मान हलवली.

"हा हुकूम नाही झाला," उकंडराव म्हणाला. "थे विनंती झाली. हुकूम द्या. माह्या अंगनात बसून दिला होता तसा."

"साहेब, प्लीज," मंत्री म्हणाले. आता हसू नव्हतं. "लोक थांबलेत. माझ्यासाठी तरी. या ना."

सगळ्या आखरावर फक्त बैलांच्या घुंगरांचा आवाज होता. राज्याचा मंत्री गळ्यात जू घालून, वाकून, एका कंपनीच्या माणसाची विनवणी करत होता. दोन पावलांसाठी. आणि तो माणूस घड्याळ पाहत उठला, मंडपाच्या मागच्या बाजूने निघून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मंत्र्यांनीही ऐकला. त्यांचं तोंड पार उतरलं. खरं सांगतो, मला त्यांची दया आली नाही. बाशाचं फुगलेलं पोट मी पाहिलं होतं. अजूनही दया येत नाही.

उकंडरावने माईक खाली ठेवला. तुळसाबाईच्या हातून मोरक्याचा दोर घेतला आणि एकट्या बैलाला मंत्र्यांच्या बाजूने तोरणाखालून नेलं. मोरक्याच्या शिंगांनी तोरण तुटलं. पोळा फुटला. डफडी सुरू झाली, मागून सगळे बैल सुटले, धुळीचा लोट उठला. मंत्री मध्येच उभे होते. त्यांचा पीए जोत्याची गाठ ओढत होता, पण ती गाठ ओढली की आणखी आवळते, आणि सोडून दाखवायला कुणी पुढे गेलं नाही.

"काका," मंत्री ओरडले, "सोडा हे!"

उकंडराव बैल घेऊन घराकडे निघाला होता. तो थांबला आणि मागे वळला.

"तुमाले मी नाही जुंपलं, सायेब. मी फक्त लोकायले दाखोलं," तो म्हणाला. "ज्यानं जुंपलं थो गाडीत बसून गेला. त्याले फोन करा, त्याच्या मनात आलं तं थो सोडीन."