प्रयागबाईनं घेतलेलं नाव

प्रयागबाईला अमेरिकेचं वेड लावलं ते मीच, हे आधी कबूल करतो.

१९५४ साली मी जऊळका स्टेशनाजवळच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होतो. प्रयागबाई तिथं रेच्यात, म्हणजे सरकी वेगळी करायच्या यंत्रात, कापूस टाकायची. दुपारच्या सुट्टीत मी जुनी मासिकं चाळत बसलो की ती भाकरी घेऊन समोर येऊन बसे. "इंद्रभानभाऊ, काय लिवलं हाय त्याच्यात?"

एकदा मी वाचून दाखवलं. वीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या युनियनवाल्यांत जुंपली होती. कारागिरांच्या युनियना कारखान्यातल्या साध्या मजुरांना जवळ करायला तयार नव्हत्या. शेवटी भर सभेत मजुरांच्या बाजूच्या पुढाऱ्यानं सुतारांच्या पुढाऱ्याला ठोसा लगावला.

"मंग? घेतलं मजुराइले?"

"नाही. त्यांनी आपली वेगळी चूल मांडली."

"अन् त्याच्यात बाया व्हत्या?"

ते काही छापलं नव्हतं. मला माझाच राग आला. एवढं वाचून हा प्रश्न मला कसा पडला नाही?

तिला तो पडायला कारण होतं. पंधरा दिवसांपूर्वी तापानं दोन खाडे झाले म्हणून बेबीबाईला कामावरून काढलं होतं. आमच्या जिनिंगच्या युनियननं हात झटकले, कारण बाया मेंबरच नव्हत्या. युनियनचा अध्यक्ष होता फिटर जगदेव, म्हणजे प्रयागबाईचा नवराच. माणूस वाईट नव्हता, पण निवडणूक तोंडावर आली होती आणि तीस बायांची मतं त्याची खुर्ची हलवू शकत होती.

बायांनी फारच धोशा लावला तेव्हा त्यानं जाहीर केलं, "घेतो मेंबर. पन गड्यावानी हरेकीनं सभेत उभं राहून आपलं पुरं नाव सांगा लागन. नवऱ्याच्या नावासकट."

गडी फिदीफिदी हसले. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेते ते लग्नकार्यात, उखाण्यात. एरवी घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. हा कावा पाहून माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी प्रयागबाई काट्यापाशी आली. "भाऊ, अमेरिकेतल्या बाया नवऱ्याचं नाव घेतात?"

"रोज. हाकच मारतात नावानं."

"अन् नवरे जगतात?"

"चांगले ऐंशी ऐंशी वर्षं."

ती केसांत अडकलेले कापसाचे तंतू काढत राहिली.

रविवारी सभा भरली. जगदेव वही उघडून बसला. प्रयागबाई उठली, पदर सावरला.

"प्रयाग," ती म्हणाली. मग श्वास घेऊन, "जगदेव घुगे."

कुणी हसलं नाही. चौदा वर्षांच्या संसारात त्यानं आपलं नाव तिच्या तोंडून असं, उखाण्यावाचून, ऐकलं नव्हतं. तो पेन तसाच धरून तिच्याकडे पाहत राहिला.

"पुन्हा एकडाव सांग," तो हळूच म्हणाला.

"कायले? आयकलं ना तुमी," प्रयागबाई म्हणाली. "लिवा आता. माह्या मांगं बेबीबाई उभी हाय."