चिंचेनं घासलेलं नाणं

माणिकरावसरांची आणि माझी पहिली भेट सीमाभागातल्या चिटगुप्प्याच्या शाळेत झाली. मी विज्ञान शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. इतिहासाचे हे शिक्षक तळहातावरची एक हिरवट चकती भिंगातून पाहत बसले होते. मला ते गंजलेलं बटण वाटलं, आणि तसं मी बोलूनही गेलो. सर पोटभर हसले आणि माझ्यासाठी चहा मागवला. यंदा ते पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत.

रोमन साम्राज्याच्या दूरच्या प्रांतांतली काशाची नाणी जमवणं हा सरांचा छंद. सोन्याच्या नाण्यांचं त्यांना फारसं कौतुक नाही. ही साधी, बाजारहाटाची नाणी. राज्य रोमचं, पण नाण्यावर गावचं नाव, गावची नदी आणि अक्षरं तिथल्या ग्रीक भाषेतली. कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि घरात मराठी बोलणाऱ्या आमच्या मुलांना हे लगेच पटायचं.

नदीदेवतेचं एक नाणं सरांच्या विशेष जिव्हाळ्याचं होतं. सरांच्या मुलाच्या लग्नानंतरच्या पहिल्या बुद्धपौर्णिमेला मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मादन हिप्परगा गावाहून आलेल्या नव्या सूनबाई सुजाताताईंनी सणासाठी तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठानं लखलखीत केली होती. मेजावरचं काळंहिरवं नाणं दिसलं, तेही त्यांनी घासलं आणि कौतुकानं सासऱ्यांपुढे आणून ठेवलं. जाणकार ज्याला जपतात तो शेकडो वर्षांचा हिरवा थर गेला होता, नदीदेवतेचा चेहराही पुसट झाला होता. मुलाचा आवाज चढला. सुजाताताई हात पदराला पुसत मागे सरकल्या. सरांनी नाणं हातात घेतलं आणि हळूच म्हणाले, "किती घासलीस माय. हात चुरचुरायलाय का? बस, जेव आधी."

मला सोडायला सर बसथांब्यापर्यंत आले. तिथं मात्र त्यांचे डोळे भरून आले.

"ते परत येत न्हाई, मला ठाव हाय. पण पोरगी ह्या घरातल्या वस्तूला हात लावायला भ्यायली, तर मी काय जमवलो?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी नाण्यांच्या कपाटाची किल्ली सुजाताताईंच्या हाती दिली आणि कोरड्या मऊ ब्रशानं धूळ कशी झटकायची तेही शिकवलं. सरांवरचं माझं प्रेम त्या दिवसापासून वाढतच गेलं आहे.

आता पाहुणे आले की कपाट सुजाताताईच उघडतात. आधी ते चकचकीत नाणं पुढे ठेवतात आणि न लाजता सांगतात, "हे मी चिंचेनं घासलेलं." मागे उभे असलेले सर म्हणतात, "बाकीची दुसऱ्यांच्या गावची. हे एक आपल्या घरचं."

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि सुनेच्या मागे असंच उभं राहून त्यांनी हे वाक्य अजून पुष्कळ पाहुण्यांना ऐकवावं.