वॉशिंग्टनच्या पायऱ्यांशी ठेवलेले बूट

मंदारने अमेरिकेची तिकिटं काढली आणि माझी झोप उडाली. नाशिकहून आम्ही दोघं नवरा-बायको आयर्लंडमध्ये डब्लिनला या लेकाकडे आलो तेव्हाच ठरवलं होतं, आता इथून कुठे हलायचं नाही. पण सून म्हणाली, "बाबा, इथून अमेरिका जवळ पडते. इरालाही सुट्टी आहे."

इरा माझी नात, आठ वर्षांची. मराठी तिला कळतं, पण बोलते ती इथल्या शाळेतलं भरभर इंग्रजी. मी सातवी शिकलेला. एवढे महिने एका घरात राहूनही "जेवलीस का?" आणि "ग्रँड, आजोबा" यापुढे आमचं बोलणं गेलं नव्हतं. ग्रँड म्हणजे इकडे 'ठीक'. आमची परतीची वेळ जवळ आली होती. प्रवासात तरी पोर माझ्याशी चार शब्द बोलेल, म्हणून मी हो म्हटलं.

जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. अमेरिकेची पासपोर्ट तपासणी डब्लिनच्या विमानतळावरच होते, तेव्हा हाताशी वेळ ठेवून निघा. मी सगळ्यांना इतकं लवकर बाहेर काढलं की काउंटरही उघडलं नव्हतं. अधिकाऱ्याने खाण्याचं काही आहे का विचारल्यावर मी घाबरून भाकरवडीपासून बडीशेपेपर्यंत सगळं सांगितलं. तो हसला आणि त्याने जाऊ दिलं.

न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीच्या बेटावर जायचं तर सकाळची पहिली बोट धरा, गर्दी कमी असते. मी सबंध वेळ कठडा घट्ट धरून होतो. आमची ही मात्र मान वर करून बघत होती. "अहो, कधीची हात वर करून उभी आहे. दुखत असेल हो." तिथे पिझ्झाचा एक तुकडा दोघांना पुरतो. मांस नको हे आधीच सांगावं.

पुढे रेल्वेने फिलाडेल्फिया. तिथे तडा गेलेली जुनी घंटा आहे, तिकीट नाही, फक्त रांग. मी म्हटलं, "आपण मोडीत दिली असती." ही म्हणाली, "तुम्ही माझी पितळी घागर द्यायला निघालाच होता."

वॉशिंग्टनची बरीच संग्रहालयं मोफत आहेत, पण अंतरं मोठी. चालून पाय सुजले. शेवटी एका जुन्या राष्ट्राध्यक्षांच्या स्मारकापाशी आलो. मोठमोठे खांब, रुंद पायऱ्या आणि आत वर बसलेली भलीमोठी पांढरी मूर्ती. आम्ही दोघांनी सवयीने खालीच बूट काढले.

"बाबा, हे देऊळ नाही," मंदार हळूच म्हणाला. लोक बघत होते.

"एवढा मोठा माणूस बसलाय वर," ही म्हणाली. "बूट घालून जाऊ होय रे?"

ती चढायला लागली. मी तिथेच बसलो. देवळाबाहेर मी नेहमीच असा बसतो. आत गेलो तरी निम्मं लक्ष चपलांकडे असतं, नमस्कार कसाबसा उरकतो.

इरा माझ्याकडे बघत होती. मग तिने स्वतःचे बूट काढले, आमच्या बुटांशेजारी नीट लावले आणि पायरीवर बसली. "गो ऑन, आजोबा. आय विल माइंड देम."

"सांभाळते म्हणतेय," मंदार म्हणाला. "मी आहे तिच्याजवळ. जा तुम्ही."

गेलो. पायाखालचा दगड गार होता, सुजलेल्या पावलांना बरं वाटलं. मूर्तीसमोर किती वेळ उभा होतो ते कळलं नाही. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. खाली आलो तर पोर बुटांसमोर हाताची घडी घालून पहारेकऱ्यासारखी बसली होती.

डब्लिनला परत आलो त्याला आठवडा झाला. फोटो पुष्कळ आहेत, त्यातली शहरं मात्र माझ्या डोक्यात आत्ताच एकमेकांत मिसळायला लागलीत.

काल इथल्या मराठी मंडळींनी एका शाळेच्या हॉलमध्ये सत्यनारायण ठेवला होता. दाराशी चपलांचा ढीग. मी आमचे जोड पिशवीत कोंबायला लागलो. तेवढ्यात इरा येऊन पायरीवर बसली.

"आजोबा, मी बघते," ती म्हणाली. मराठीत. "तुम्ही जा आत."

गेलो, नमस्कार केला, प्रसादाचे दोन द्रोण घेतले आणि लगेच बाहेर आलो. चपला जागेवर होत्या. "सरक जरा," मी म्हटलं. ती सरकली.