सगळ्यात खालचा ऑफिसर

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या नंदामावशीचं सासर-माहेर दोन्ही सातासमुद्रापलीकडे. त्यामुळे शेजारचा हर्मन ब्रांट हाच तिच्या मुलांचा आजोबा झाला. बर्फात रुतलेली गाडी तोच ढकलायचा, तिच्या लेकीला, दीपाला स्केटिंग त्यानंच शिकवलं. मावशीनं नागरिकत्व घेतलं तेव्हा ती सद्वर्तनी आहे असं सांगणारा साक्षीदारही तोच. दर पाडव्याला मुलं त्याच्या पाया पडत. तो अवघडून हसायचा.

१९८३ साली सरकारनं त्याच्यावर दावा लावला. युद्धात तो हिटलरच्या एसएस दलात होता, एका छळछावणीवर पहारा देत होता आणि हे लपवून अमेरिकेत शिरला, असा आरोप. सिद्ध झाला तर नागरिकत्व जाणार, मग घरही. ब्रांट म्हणे, आपण बळजबरीनं भरती केलेले साधे पहारेकरी, फाटकाबाहेर उभे असायचो. सगळ्या शेजाऱ्यांना ते पटलं. त्याच्या वकिलानं मावशीला साक्ष द्यायला सांगितलं.

"त्यानं आपल्यासाठी शब्द टाकला होता," मावशीचे यजमान त्र्यंबककाका म्हणाले. "नाही कसं म्हणणार?"

मावशी नाही म्हणणारच नव्हती. ती शिरा घेऊन त्याच्याकडे गेली. वर्तमानपत्रातला आपला फोटो समोर ठेवून तो एकटाच बसला होता. तिनं त्याची समजूत घातली. साध्या पहारेकऱ्याच्या हातात काय असतं, हुकूम आला की उभं राहायचं, कोर्टाला हे कळेल.

तो ताठ झाला.

"मी पहारेकरी नव्हतो, नंदा." मग एक लांबलचक जर्मन पद त्यानं सावकाश, नीट उच्चारलं. उंटरस्टुर्मफ्यूरर. "सगळ्यात खालचा, पण ऑफिसर. पहारेकरी मला सॅल्यूट करायचे."

"मग हुकूम कोण द्यायचं?"

त्यानं चमचा उचलला. शिरा छान झालाय, म्हणाला.

मावशीनं हे जसंच्या तसं सरकारी वकिलाला सांगितलं, आणि पुढे कोर्टातही. ब्रांटचं नागरिकत्व गेलं. शेजारणींनी तिच्याशी बोलणं टाकलं. मंडळाच्या गणपतीत लताकाकूंनी ऐकवलंच, की आपण इथे बाहेरचे, आपल्याला काय करायच्यात यांच्या भानगडी. त्र्यंबककाका जेवताना टीव्ही लावून बसू लागले.

ब्रांटच्या अंगणात घर विकण्याची पाटी लागली, त्या दिवशी दीपा शाळेतून आली आणि खिडकीपाशी थांबली.

"यू डिडन्ट हॅव टू टेल देम, आई," एवढंच म्हणाली, आणि जिना चढून गेली.