आमच्या घरची गाठ

कारगिलच्या लढाईत तहसील कचेरीने निर्मळच्या बागायतदारांकडे जवानांसाठी सुकेळी मागितली. उन्हात वाळवून सुक्या पानात बांधलेली ही केळी महिनोन्‌महिने टिकतात. गावाने मनापासून दिली. मला मात्र कचेरीचा काडीचा भरवसा नव्हता. सगळं साहेबांच्या घरी जाणार, सीमेवर कसलं पोचतंय, असं मी घरीदारी बोलत होतो.

पेट्या भरायच्या दिवशी मी मुद्दाम कचेरीत जाऊन उभा राहिलो. आमची आई पुडक्याला गाठ मारते तशी गावात कोणी मारत नाही. ती गाठ एकाही पेटीत दिसेना. मग काय, मी चारचौघांत कारकुनाची शोभा केली, तोंडावर चोर म्हणालो. तो घामाघूम होऊन खिळे ठोकलेल्या पेट्या पुन्हा उघडून दाखवत राहिला.

तणतणत घरी आलो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि पत्र्याचा डबा पुढ्यात ठेवला. आमची सगळी पुडकी आतच होती.

"तूच म्हणत होतास ना, साहेब लोक खातात म्हणून? मग मी दिलीच नाहीत."

कचेरीत मी परत गेलो नाही. गणपतीपर्यंत ती सुकेळी आम्हीच खाल्ली.