दोन रिंगा

दिल्ली ते न्यूयॉर्क किती लांब, हे आमच्याकडे दोऱ्यानं मोजलं होतं. लेक एकटी शिकायला निघाली होती. यांनी तिच्या शाळेतला पृथ्वीगोल काढला, माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा त्यावर ताणला आणि जवळजवळ बारा हजार किलोमीटर ठरवले. ताशी नऊशेनं भागलं. तेरा तास. विमान रात्री एकला उडणार, म्हणजे आपल्या घड्याळानं दुपारी दोनला पोचणार, बाहेर पडायला एक तास. जन्म केंद्र सरकारच्या फायलींत गेलेला माणूस. 'अपेक्षित वेळ : तीन' असा कागद लिहून फोनच्या वर चिकटवला.

पोचल्याची खूणही ठरली होती. तिनं तिकडून फोन लावायचा आणि दोन रिंगा झाल्या की ठेवायचा. आम्ही उचलायचा नाही, कारण उचलला की तिला पैसे पडणार आणि तिच्याजवळ मोजके डॉलर. "बिल्कुल हात लावायचा नाही," असं यांनी मला दहादा बजावलं. जसं काही मीच घर बुडवणार होते!

तीन वाजले, चार वाजले, फोन गप्प. मी घाबरले होते, सरळच सांगते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं चाललेलं. पाचला देवापाशी दिवा लावला, तोही दोनदा विझला. हे दर दहा मिनिटांनी रिसीव्हर उचलून फोन चालू आहे का बघत होते. नेमका तेवढ्यात तिचा लागला तर, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले.

सहाला चहा टाकताना एकदम आठवलं, पोरीला वाटेत फ्रँकफर्टला विमान बदलायचं होतं! यांनी ते धरलंच नव्हतं. दोऱ्याला कुठे थांबावं लागतं? मी त्यांना फाडफाड बोलले. जरा हायसं वाटलं, आणि लगेच नवी भीती: तिचं दुसरं विमान चुकलं असेल तर? यांनी पुन्हा रिसीव्हर उचलून बघितला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

पावणेनऊला फोन वाजला. एक, दोन, बंद. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. तर पुन्हा वाजला. एक, दोन, बंद. मग तिसऱ्यांदा. माझा हात रिसीव्हरवर गेला होता, यांनी मनगट धरलं. "पोरगी तुझ्यावर गेलीय, एकदा सांगून भागत नाही," म्हणाले, आणि आम्ही दोघं किती तरी दिवसांनी हसलो.

खरं काय ते तिनं बऱ्याच वर्षांनी सांगितलं, तिची स्वतःची मुलगी पहिल्यांदा एकटी विमानात बसली त्या दिवशी. तेव्हा न्यूयॉर्कला तिला घ्यायला येणारे आलेच नव्हते. त्या परक्या गर्दीत ती सामान धरून उभी होती आणि तिला फक्त माझा आवाज ऐकायचा होता.

"मग तिसरी रिंग होऊ द्यायचीस की गं," मी म्हटलं.

"ठरलं होतं ना, आई."